भांडुपच्या गाळ्यात घडलेले मानवेल-धामणीचे धनुष्य : एक पावसाळा वापरल्यानंतर

मानवेल बांबूची पाठ, धामणीच्या लाकडाचे पोट आणि सागाची मूठ असलेले ६६ इंचांचे एक धनुष्य मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यातून घेतले आणि त्यानंतर एक उन्हाळा, एक अख्खा पावसाळा व दिवाळीनंतरचे काही आठवडे ते वापरले. परीक्षण लिहायला एवढा थांबलो, कारण लाकडी धनुष्याची परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, आणि मुंबईत तर ती जुलैच्या आत होतच नाही. ज्या मिस्त्रींनी ते घडवले, ते एकटे काम करतात, वर्षाला पंचवीस-तीसच्या वर धनुष्ये त्यांच्याकडून होत नाहीत आणि नाव छापू नका असे त्यांनीच सांगितले. पुढे जी तक्रार लिहिली आहे ती पाहता मलाही ते बरेच वाटते. किंमत १६,५०० रुपये पडली. त्यात एक दोरी आणि कापडी पिशवी मिळाली. बाण वेगळे घ्यावे लागले.

गाळा म्हणजे जेमतेम दहा बाय पंधराची जागा. एका भिंतीला बांबूच्या फाकी उभ्या बांधलेल्या, दुसऱ्या भिंतीला धामणीच्या पट्ट्या आडव्या रचलेल्या आणि मधोमध सुताराचे टेबल. मिस्त्रींचा मूळ धंदा फर्निचरचा. धनुष्याकडे ते एका तिरंदाजाचे मोडलेले पाते दुरुस्त करता करता वळले. मैदानावर सगळे जण धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला सरसकट ‘लिंब’ म्हणतात, त्यामुळे माझ्या घरी काही दिवस मी कडुलिंबाचे धनुष्य आणणार असा समज होता. इथे मी पाते हाच शब्द वापरतो. तिरंदाजाच्या समोरची, म्हणजे लक्ष्याकडे असणारी बाजू ही धनुष्याची पाठ आणि त्याच्या स्वतःकडे असणारी बाजू हे पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. धनुष्य घडवणाऱ्याची सगळी विद्या या दोन वेगवेगळ्या छळांना तोंड देणारे दोन पदार्थ शोधण्यात आणि ते एकमेकांना धरून ठेवण्यात आहे.

पाठीसाठी बांबू घेण्याचे कारण त्याच्या आडव्या छेदात दिसते. मिस्त्रींनी मला एक ताजा कापलेला तुकडा हातात दिला आणि खिडकीशी नेऊन पाहायला सांगितले. आतल्या बाजूला गडद ठिपके विरळ होते. बाहेरच्या हिरव्या सालीकडे जाताना ते दाटत गेले आणि सालीच्या अगदी खाली इतके दाट झाले की वेगळे मोजता येईनात. हे ठिपके म्हणजे बांबूचे चिवट तंतू. ताण सोसण्याची खरी ताकद बाहेरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये असते, म्हणून पाठीची कामटी काढताना आतला भुसभुशीत भाग तासून टाकायचा आणि सालीकडच्या तंतूंना मात्र हत्यार लागू द्यायचे नाही. पेऱ्यांवरच्या गाठीसुद्धा सपाट करायच्या नाहीत, फक्त त्यांची धार मोडायची. माझ्या धनुष्याच्या पाठीवर सात गाठी आहेत आणि त्या बोटाला लागतात. गुळगुळीतपणाची हौस असणाऱ्याला ते खटकेल, पण गाठ तासून सपाट केलेली पाठ दिसली तर मी ते धनुष्य विकत घेणार नाही.

बांबूची जात मानवेल आहे, जी भरीव किंवा जवळजवळ भरीव असते आणि जिची काठी पोलिसांच्या हातात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पालघरकडच्या एका शेताच्या बांधावरून तो येतो. वनकायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडून आणणे आता सोपे झाले आहे, असे मिस्त्री म्हणाले. तोड पावसाळा संपल्यावर थंडीत करायची, कारण तेव्हा काठीत पिष्ट कमी असते आणि पीठ पाडणारी कीड पिष्टावरच जगते. तीन वर्षांच्या आतली काठी ते घेत नाहीत. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि त्याच्या तंतूंना पुरता कडकपणा आलेला नसतो.

पोटासाठी धामण आहे, आणि हाच या धनुष्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. ही धामण म्हणजे साप नव्हे. सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात वाढणारे, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आणि बैलगाडीच्या कामासाठी खेड्यांतून वापरले जाणारे झाड. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात आणि धनुर्वृक्ष हेही त्याचेच नाव आहे, म्हणजे हा शोध भांडुपला लागलेला नाही. परदेशी धनुष्यांच्या जाहिरातींत यू, हिकरी, ओसेज ऑरेंज ही नावे वाचून आपल्याकडचे हौशी लोक ती लाकडे मागवण्याची खटपट करतात आणि लवचीकपणासाठी जिचे नाव धनुष्यावरूनच पडले ती धामण मात्र कुणाला आठवत नाही. माझ्या धनुष्यातल्या धामणीची रेषा सरळ आहे आणि टोकापर्यंत कुठेही बाजूला निसटत नाही. तशी पट्टी मिळवण्यासाठी दहा फळ्यांतून एक निवडावी लागते असे मिस्त्री सांगतात, आणि गाळ्यात बाजूला टाकलेला ढीग पाहून मला त्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही.

पाठीला एक आणि पोटाला दुसरे, ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांतले एक नावाजलेले जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले, तेव्हा त्यातून यू लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये निघाली. त्या लाकडात निसर्गानेच दोन थर दिलेले असतात : बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतले तांबूस लाकूड दाब. ज्या प्रदेशात असे लाकूड नव्हते तिथे लोकांनी थर स्वतः जोडले. मध्य आशियापासून तुर्कस्तानपर्यंतच्या धनुष्यांत पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांचे, तंतू आणि मध्ये लाकूड असे, आणि हे सगळे कातड्यापासून किंवा माशाच्या फुग्यापासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या आयुधागाराच्या प्रकरणात ताड, चाप नावाचा बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत, आणि दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग यांच्या तंतूंपासून कंडरेपर्यंत स्वतंत्र यादी आहे. सिकंदराच्या स्वारीतल्या निआर्कस या आरमारप्रमुखाच्या आधारे ग्रीक इतिहासकार एरियनने भारतीय पायदळाच्या धनुष्याचे वर्णन केले आहे, तेही माणसाच्या उंचीचे आहे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटत ओढायचे असे. शिंग आणि सरस यांना दमट हवा मानवत नाही, हे लक्षात घेतले की किनाऱ्याच्या आणि जंगलाच्या मुलखात बांबूचा साधा कामठाच का टिकला, ते उमगते. नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या पट्टीची असते.

आता जोडणीकडे वळतो, कारण पुढच्या तक्रारीचे मूळ तिथे आहे. कामटी आणि धामणीची पट्टी यांच्यामध्ये इपॉक्सी हा गोंद लावून दोन्ही एका वक्र साच्यावर ठेवतात आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्यांनी टोकापासून टोकापर्यंत घट्ट गुंडाळतात. हे पाहायला गमतीचे वाटते, पण शिकंज्यांनी मिळत नाही असा एकसारखा दाब रबराने मिळतो आणि जास्तीचा गोंद कडेने आपोआप बाहेर येतो. साचा उलट्या बाजूला वळलेला असल्यामुळे धनुष्याची टोके मोकळ्या अवस्थेत लक्ष्याकडे झुकलेली राहतात. दोरी चढवतानाच पात्यांत ताण भरतो आणि पुढच्या ओढीला तो कामी येतो. नंतर हे गाठोडे साध्या बल्बनी तापवलेल्या लाकडी कपाटात रात्रभर राहते, कारण सौम्य उष्णतेत इपॉक्सी अधिक पक्के होते. मुठीचा सागाचा ठोकळा यानंतर पोटाच्या बाजूने वेगळा चिकटवला जातो आणि दोन्हीकडे उतार देऊन पात्यांत मिसळवला जातो.

सर्वांत जास्त वेळ लागतो तो टिलरिंगला, म्हणजे दोन्ही पाती सारखी वाकतील अशी खरवडत आणण्याला. भिंतीवर एक उभी फळी ठोकलेली आहे. तिच्या डोक्यावर धनुष्याची मूठ ठेवायची, दोरीला आकडा लावायचा आणि खालच्या कप्पीतून आलेली रश्शी ओढत लांब उभे राहून दोन्ही पाती कशी वाकतात ते पाहायचे. मी गेलो त्या दिवशी मिस्त्रींनी पाच इंच ओढून दाखवले आणि विचारले, “साहेब, कुठलं पातं आळशी आहे?” मला दोन्ही सारखीच दिसली. त्यांनी खालच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, पेन्सिलीने एक टीचभर खूण केली, धनुष्य खाली घेतले आणि काचेच्या तुटक्या तुकड्याच्या धारेने तेवढाच भाग पोटाकडून खरवडला. रंधा त्या टप्प्यावर ते हातात धरत नाहीत. याचे कारण साधे गणित आहे : पात्याचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे बारा मिलिमीटर जाडीतला अर्धा मिलिमीटर गेला तरी त्या जागेचा कडकपणा सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो आणि गेलेले लाकूड परत लावता येत नाही. खरवडून झाल्यावर धनुष्य वीस-पंचवीस वेळा अर्धवट ओढून सोडत नाही तोवर नवा वाक दिसत नाही. मग पुन्हा खूण, पुन्हा काच. एका धनुष्याला असे दोन दिवस जातात. मला एकूण सोळा हजारांतले निम्मे पैसे या दोन दिवसांचे वाटले आणि ते रास्त वाटले.

टोकांना म्हशीच्या शिंगाच्या छोट्या टोप्या आहेत व त्यांत दोरीच्या खाचा कोरल्या आहेत. शिंगकामासाठी सावंतवाडीचे नाव आहेच, आणि या टोप्यांची झिलई पाहून ती आठवते; पण त्या केवळ शोभेच्या नाहीत. बांबूच्या कडेत थेट खाच पाडली तर दोरी तंतूंच्या मधून शिरते आणि टोक उभे चिरते. टोके जेमतेम दहा मिलिमीटर रुंद ठेवली आहेत, हेही योग्य आहे, कारण बाण सुटताना पात्याचा सर्वांत वेगाने धावणारा भाग टोकच असते आणि तिथला प्रत्येक ग्रॅम बाणाची शक्ती खातो व उरलेला धक्का हाताला देतो. दोरी डेक्रॉनची, बारा पदरी, पीळ घालून केलेली आहे. ती थोडी ताणते आणि म्हणूनच लाकडी धनुष्याला सुरक्षित असते; हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या बाण वेगाने फेकतात, पण टोकांना तितकाच कोरडा हिसका देतात.

भांडुपहून दादरला हे धनुष्य लोकलच्या मालडब्यातून आणले, कारण १६८ सेंटिमीटरची पिशवी घेऊन साध्या डब्यात उभे राहणे सहप्रवाशांवर अन्याय झाला असता. टोपल्यांशेजारी बसलेल्या एका मावशींनी “भाऊ, गरी टाकायला चाललात का?” असे विचारले. तीन भागांत सुटणारे धनुष्य हवे असेल तर हे नव्हे, ही गोष्ट मुंबईकराने विकत घेण्याआधी खरोखर विचारात घ्यावी.

मैदानावर पहिल्याच दिवशी सामान तोलायच्या काट्याने ओढ मोजली. धनुष्यावर ‘२८ इंचांना ३५ पौंड’, म्हणजे बाण २८ इंच ओढला की एवढा जोर लागतो, असे लिहिले होते, काट्याने ३४.५ दाखवले, म्हणजे लिहिलेल्यात आणि असलेल्यात नावापुरता फरक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २४ इंचांना २७.५ आणि २६ इंचांना ३१ पौंड भरले. म्हणजे प्रत्येक इंचाला वाढ जवळपास सारखी आहे आणि शेवटच्या दोन इंचांत भिंतीला लागल्यासारखे वाटत नाही. आखूड धनुष्यात दोरीचा कोन लवकर उघडतो आणि शेवटची ओढ जड होते. ६६ इंचांची लांबी इथे उपयोगी पडली. माझी ओढ २७ इंचांची आहे, त्यामुळे हाताला सुमारे ३३ पौंड येतात. दोन तासांत सत्तर-ऐंशी बाण मारूनही खांदा कुरकुरला नाही.

सुटका शांत आहे. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचे अंतर मूठ आणि वर ताठ केलेला अंगठा एवढे, म्हणजे साधारण पावणेसात इंच, ठेवले की डाव्या मनगटाला येणारा धक्का जाणवेनासा होतो. अर्ध्या इंचाने कमी केले की दोरी हाताला बांधलेल्या पट्ट्यावर आपटते. वीस मीटरवर माझे बाण ताटलीएवढ्या वर्तुळात जमू लागले, तीस मीटरवर ते ताटापेक्षा मोठे झाले आणि त्याचा दोष धनुष्याला देता येणार नाही. बाण ठेवायला वेगळी कड नाही, बाण मुठीवरच्या चामड्यावरून जातो आणि धनुष्याच्या मध्यरेषेच्या थोडा बाहेर राहतो, त्यामुळे बाणाच्या काडीचा लवचीकपणा नेमका निवडावा लागतो. मिस्त्रींनी मला त्याबद्दल काहीच सांगितले नाही. माझे पहिले सहा बाण जास्त कडक निघाले आणि सगळे डावीकडे गेले. दोन आठवडे मी स्वतःच्या हाताला बोल लावत होतो. धनुष्यासोबत एक कागद दिला असता तर हे टळले असते.

मग पाऊस आला. लाकडी धनुष्यासाठी लाकडातले पाणी नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास असावे लागते; ते त्याहून कोरडे झाले तर तुटायला येते आणि जास्त भिजले तर मऊ पडते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि अशा हवेत उघडे लाकूड सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत पाणी धरते. या धनुष्याला वरून फक्त जवसाच्या तेलाचे हात दिलेले आहेत. तेलाने लाकूड देखणे दिसते, पाण्याचा थेंब ओघळून जातो, पण हवेतली वाफ तेलाला जुमानत नाही. मी धनुष्य कधीही पावसात नेले नाही, दोरी चढवून ठेवले नाही, भिंतीला टेकवून उभे केले नाही. दोन खुंट्यांवर आडवे ठेवले. तरी ऑगस्टच्या अखेरीस २८ इंचांची ओढ ३०.५ पौंडांवर आली होती. मार्चमध्ये दोरी उतरवल्यावर टोके मुठीच्या रेषेच्या तीन सेंटिमीटर पुढे राहत होती, ती आता एक सेंटिमीटर मागे राहू लागली. धनुष्याने बाक धरला, असे याला म्हणतात. ओल्या पोटाचे तंतू दाबले गेले की ते पूर्वीच्या लांबीवर पूर्ण परतत नाहीत.

एवढे मी हवामानाच्या खात्यावर टाकले असते. पण गणपतीच्या आठवड्यात दोरी चढवताना एक बारीक टक् असा आवाज आला. धनुष्य खाली ठेवून दिव्याखाली पाहिले, तेव्हा सागाच्या मुठीचा उतार जिथे संपतो तिथे, वरच्या बाजूला, केसाएवढी रेघ दिसली. पोस्टकार्डाचा कोपरा तिच्यात आठ मिलिमीटर आत गेला. ही रेघ पावसाने पाडलेली नाही, पावसाने ती फक्त उघडकीस आणली. साग हे तेलकट लाकूड आहे, आणि ज्या तेलामुळे त्याच्या दारा-खिडक्या पिढ्यानपिढ्या टिकतात तेच तेल गोंदाला धरू देत नाही. सागाचा पृष्ठभाग ताजा खरवडून, ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावला तरच जोड पक्का होतो. खरवडलेला तुकडा दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिला की तेल पुन्हा वर येते. उताराचे टोक ही तर मुळातच धोक्याची जागा, कारण न वाकणारी मूठ आणि वाकणारे पाते यांची सगळी ओढाताण तिथे एका रेषेवर येते.

रेघ दिसल्यावर धनुष्य पुन्हा ओढायचे नसते, मग ती कितीही बारीक असो. मी त्याच दिवशी छायाचित्रे पाठवली. उत्तर यायला सहा दिवस लागले, आणि आलेले उत्तर “सण झाल्यावर या” एवढेच होते. सणाचे मी समजू शकतो. पण घरात ठेवलेली वस्तू दरम्यान वापरू नका, हे एक वाक्य लिहायला हवे होते, कारण माझ्या जागी नवखा माणूस असता तर त्याने शनिवारी मैदानावर तेच धनुष्य ओढले असते आणि मुठीजवळ मोडलेले पाते तोंडावर येते. हमी किती दिवसांची, हे पावतीवर लिहिलेले नव्हते. मीही विचारले नव्हते.

गाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा मिस्त्रींनी रेघ पाहून दोन मिनिटे काहीच म्हटले नाही. मग, सागाचा तो ठोकळा आदल्या संध्याकाळी घासून ठेवला होता आणि गोंद सकाळी लावला, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. वाद घातला नाही की पावसाला दोष दिला नाही. भेग दाभणाने साफ करून, सिरिंजने ॲसिटोन सोडून, वाळवून, पातळ इपॉक्सी आत खेचले जाईल असे गरम करून भरले आणि उताराच्या टोकावर रेशमी दोऱ्याची घट्ट गुंडाळी घालून तिच्यावरही इपॉक्सी चढवले. ही गुंडाळी जुनीच युक्ती आहे. ती आधीच असायला हवी होती. माझ्या आग्रहाने तेल खरवडून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन वॉर्निशचे, चार पातळ हात सगळीकडे, मुठीच्या चामड्याखाली आणि टोकांच्या उघड्या छेदांवरसुद्धा, दिले. याचे पैसे घेतले नाहीत. धनुष्य तीन आठवड्यांनी मिळाले.

नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत ओढ ३३ पौंडांवर परतली आहे आणि टोके पुन्हा एक सेंटिमीटर पुढे आली आहेत. उरलेले दीड पौंड गेले ते गेले. नव्या लाकडी धनुष्यात पहिल्या वर्षी एवढी घट गृहीत धरावी. दुरुस्तीनंतर सातशेच्या आसपास बाण मारले आहेत आणि गुंडाळीवर अजून चरा नाही.

घ्यावे कुणी, याबद्दल थोडे. साताऱ्याचे प्रवीण जाधव ज्या स्पर्धेत टोकियोला उतरले, त्या ऑलिंपिक प्रकारात सत्तर मीटरवरचे १२२ सेंटिमीटरचे लक्ष्य असते आणि त्यासाठी धातूची मूठ, कार्बनची पाती आणि नेम धरायचे साधन लागते. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जे जगज्जेतेपद मिळवले, ते तर चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर. त्या वाटेने जायचे असेल तर हे पैसे तिकडेच साठवावेत. काचतंतू लावलेले कारखान्यातले धनुष्य याच किमतीच्या आत येते आणि त्याला जुलै-ऑगस्टची पर्वा नसते, हेही मान्य केले पाहिजे. काचतंतू पाणी पीत नाही आणि बाक धरत नाही. फक्त बंद गाडीत उन्हात ते ठेवले तर आतला गोंद मऊ पडतो, ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे. हातात हलके, सुटकेला शांत, आणि कशापासून व कसे झाले ते डोळ्यांनी पाहता येईल असे धनुष्य ज्याला हवे आहे त्याने भांडुपला जावे, मात्र ऑक्टोबरनंतर जावे, कारण पावसाळ्यात जोडलेल्या लाकडात पाणी आधीच भरलेले असते. मूठ चिकटवण्याआधी काय केले ते तोंडावर विचारावे, वरचा थर तेलाचा नको असे सांगावे, हमीचे महिने पावतीवर घ्यावेत आणि सोबत आपल्या ओढीला चालणाऱ्या बाणांची काडी कोणती तेही लिहून मागावे. ज्याची सुरुवात आहे त्याने ३५ पौंडांच्या मोहात पडू नये. वीस-पंचवीसवर हात बसतो, पस्तीसवर तो नुसता थरथरतो.

मिस्त्रींकडे मी दुसरे धनुष्य सांगितले आहे, तेरा वर्षांच्या मुलीसाठी, ५४ इंचांचे आणि तिच्या ओढीला अठरा पौंड भरेल असे. आगाऊ चार हजार दिले. पावतीच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले : मूठ सागाची नाही, धामणीची, उतारावर गुंडाळी, पीयू चार हात, हमी बारा महिने, पावसाळा धरून.